टेलचा संगणक आणि गोधडीखालचा पाहुणा

मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते विचारू नका मित्रांनो. माझ्या पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं उमटत, आणि तीही सावकाश. आमच्या पाणीवापर संस्थेचे सचिव कानिफनाथ मला सुरू करून शेतात जात, एक वाफा भिजवत, हातपाय धुऊन परत येत, तेव्हा कुठे मी "तयार आहे" म्हणत असे. यात मी काही वाढवून सांगत नाही. वाफा कधीकधी लहान असे, एवढंच.

माझा जन्म नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झाला. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचा. असा मी तीन घरचे पाहुणे एका अंगात घेऊन जन्मलो. पहिली नोकरी शेजारच्याच एका कारखान्यात बोल्ट मोजायची. मी इतके बोल्ट मोजले, की एकापुढे एक मांडले असते तर भंडारदऱ्याच्या भिंतीला वळसा घालून परत नागापुरात आले असते. पुढे तिथे नवी यंत्रं आली आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या डोक्यावर कामगारांचे जेवणाचे डबे ठेवू लागले. सोमवारी मेथी आणि बुधवारी मटकी, हे मला पंख्यातून कळत असे.

तिथून मला सोडवलं भारतीताईंनी. त्या त्याच कारखान्यात यंत्रांचं काम बघत. त्यांचे वडील मुळा धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि पाडणारा माणूस. लहानपणी त्यांनी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून सगळा कालवा पाहिला होता, आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणंही ऐकली होती. मोठेपणी त्यांनी संगणकासाठी एक कार्यक्रम लिहिला. त्याचं नाव ठेवलं "पाणपाळी". कोणाचं शेत किती, पीक कोणतं, पाणी कोणत्या वारी आणि किती वेळ, हे सगळं हिशेबात घेऊन पाणपाळी प्रत्येकाची चिठ्ठी छापून देई. चिठ्ठी बघून पाटकरी दार उघडी आणि पाडी.

मालकांना सांगून भारतीताईंनी मला एका टेम्पोत घातलं आणि टेलला पाठवलं.

टेल म्हणजे काय, ते सांगतो. कालव्याला फुटलेल्या फांदीला आमच्याकडे चारी म्हणतात. चारी सुरू होते ते हेड, संपते ते टेल. आमची पाणीवापर संस्था अगदी टेलला. आमच्यापुढे चारी नाही, नुसत्या बाभळी. पूर्वी हेडची मंडळी पोटभर पाणी घेत आणि टेलला ओल पोचली तर पोचली. मग सगळ्या संस्थांनी एकत्र बसून नियम केला. पाणी आधी टेलला. टेलचं भिजलं की टेलवाल्यांनी वर निरोप धाडायचा, "भिजलं." मग त्यांच्या वरच्याचं दार उघडायचं. असं शेपटाकडून डोक्याकडे.

टेलच्या संस्थेचे अध्यक्ष होते रंभाजीनाना. माणूस हौशी. टेम्पो आला तेव्हा त्यांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी माझ्यावर शिंपडायला निघाले. कानिफनाथांनी त्यांचा हात धरला म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.

आता पाणपाळीची खरी मजा ऐका. भारतीताईंनी ती कुलपात ठेवली नव्हती. फ्लॉपीवर कार्यक्रम असे आणि त्याची आतली सगळी वीणही उघडी असे. कोणीही वाचावी, सुधारावी, पुढच्याला द्यावी. चारीवरच्या सगळ्या संस्था तसंच करत. कोणी चिठ्ठीवर गट नंबर छापायची सोय केली, कोणी उसाचा वेगळा हिशेब घातला. सुधारलेली फ्लॉपी दुधाच्या टेम्पोतून नगरला जाई, भारतीताई सगळ्यांच्या सुधारणा एकत्र गुंफत, आणि नवी पाणपाळी त्याच टेम्पोतून परत येई. आमच्या फ्लॉप्यांना कायम सायीचा वास.

पण पाणपाळी एकटी उभी नव्हती. वारांची मोजदाद तिला स्वतःला येत नसे. त्यासाठी ती "पंचांग" नावाच्या दुसऱ्या एका कार्यक्रमावर टेकून असे. तो कोणी पुण्याच्या माणसाने लिहून असाच सगळ्यांना मोकळा दिला होता. त्याची पहिली आवृत्ती माझ्यात होती. पुढे दुसरी निघाली. ती इतकी ऐसपैस, की माझ्या डोक्यात मावेना. बाकीच्या संस्थांची यंत्रं नवी होती, त्यांच्यात ती बसली. मी पहिल्यावरच राहिलो. म्हणून पाणपाळीच्या प्रत्येक फ्लॉपीवर भारतीताई लिहीत, "निदान पहिलं पंचांग हवं." म्हणजे त्याच्या खालचं चालणार नाही आणि त्याच्या वरचं कोणतंही चालेल.

एके दिवशी नवी फ्लॉपी आली, कानिफनाथांनी माझ्यात घातली, आणि मी मध्येच थिजलो. पडदा हिरवा, पण अक्षर एक नाही. कानिफनाथांनी मला थापटलं, फुंकलं, उन्हात नेऊन ठेवलं. रंभाजीनानांनी लिंबूमिरची बांधली. शेवटी भारतीताईंना फोन गेला. त्या रविवारी आल्या, बराच वेळ वाचत बसल्या आणि हसायला लागल्या.

"नाना, यंत्र ठणठणीत आहे. खोटं आम्ही बोललो."

"तुमी आन् खोटं?"

"फ्लॉपीवर लिहिलं, पहिलं पंचांग चालेल. चालवून कुणी बघितलं? माझ्याकडं दुसरं, हेडवाल्यांकडं दुसरं. कुणीतरी दुसऱ्यातली एक सोय वापरून बसला आणि कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

रंभाजीनाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग पान्याचा नेम हितंबी लावा की. आदी टेलला."

त्यांनी ते उगाच, बोलता बोलता म्हटलं होतं. पण भारतीताईंनी मनावर घेतलं. त्या दिवसापासून नवी पाणपाळी आधी माझ्यावर चालायची आणि मगच बाकीच्यांकडे जायची. जी किमान अट लिहिलेली, ती ज्याच्याकडे खरोखर आहे त्याच्यावरच पारख.

मित्रांनो, ती माझ्या वैभवाची वर्षं. फ्लॉपीच्या दिवशी संस्थेपुढे सडा पडायचा. चारीवरचे सचिव, अध्यक्ष यायचे. शेव-चिवडा आणि चहा व्हायचा. माझा पंखा इतक्या जोरात फिरे, की भिंतीवरचं कॅलेंडर सप्टेंबरातून थेट डिसेंबरात जाई. वीज इतकी बारीक असे, की कानिफनाथ माझा पडदा कंदील लावून वाचत. आणि मी "तयार आहे" म्हटलं, की रंभाजीनाना पाहुण्यांकडे असे बघत, जणू धरण त्यांनीच बांधलं.

"आमच्या यंत्रानं मान हालवल्याबिगर चारीवर चिठ्ठी निघत न्हाई," ते सांगत. पुढे पुढे ते चारीच्या जागी दिल्लीचंही नाव घेऊ लागले.

मध्यंतरी एका संस्थेचे अध्यक्ष रुसले. त्यांनी नवंकोरं रंगीत यंत्र घेतलं होतं. "आता किमान अट वाढवा," ते म्हणाले. "दुसरं पंचांग निघून किती दिवस झाले."

"निघालं हे खरं," भारतीताई म्हणाल्या. "पण त्यातलं आपल्याला काय लागतंय?"

"लागत न्हाई. पर नवं हाय."

"तुमच्या दारात ट्रॅक्टर आला म्हणून चारी ट्रॅक्टरएवढी रुंद करायची का?"

सगळे हसले. अट होती तिथेच राहिली. माझा ऊर भरून आला, म्हणजे पंखा जरा घरघरला.

मग एक दिवस दुसरं पंचांग खरंच लागलं. त्याची गोष्ट साळूबाईंपासून सुरू होते.

साळूबाईंची जमीन हेडला. जिभेला धार अशी, की बांधावरचं गवत आपोआप कापलं जाई. त्यांची पाळी रविवारी पहाटे सुरू व्हायची आणि सकाळी ऊन चढेपर्यंत चालायची. आमच्या चारीवर आठवडा रविवारी सकाळी सहाला बदलतो. म्हणजे साळूबाईंची पाळी अर्धी या आठवड्यात आणि अर्धी पुढच्या. पहिल्या पंचांगाला अशी उंबऱ्यावर पाय ठेवून उभी असलेली पाळी कळायची नाही. दुसऱ्याला कळायची. पण किमान अट पहिल्याची. म्हणून बाकी सगळ्यांकडे दुसरं असूनही पाणपाळी त्यातली सोय वापरू शकत नव्हती. वापरली असती तर मी पुन्हा थिजलो असतो. तेव्हा भारतीताईंनी एक टेकू लावला होता. अशी पाळी आली की तिचे दोन तुकडे करायचे आणि दोन चिठ्ठ्या छापायच्या.

टेकू बरीच वर्षं टिकला. मग एका संस्थेच्या सचिवांनी चांगल्या मनाने सुधारणा केली, एका माणसाला एकच चिठ्ठी. त्यांना टेकूची कल्पना नव्हती. माझ्यावर पारख झाली, मी मान हलवली. आमच्या टेलला सहाच्या उंबऱ्यावरची पाळी कोणाचीच नव्हती ना. फ्लॉपी गेली, आणि साळूबाईंची दुसरी चिठ्ठी हवेत विरली. सहा वाजता पाटकऱ्याने दार पाडलं. कांद्याचे अर्धे वाफे हिरवे, अर्धे कोरडे राहिले.

भारतीताईंनी चारीवरच्या सगळ्या संस्थांना निरोप पाठवला. पुढचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पुढची खेप, दहाबारा दिवसांवर आहे. किमान अट दुसऱ्या पंचांगावर न्यायची आहे. अजून पहिल्यावर कोण आहे, त्याने सांगावं. सगळीकडून उत्तर आलं, आमच्याकडे दुसरं आहे. टेलकडून उत्तर आलं, "आमचं चालत न्हाई. टेल आदी."

आता मित्रांनो, एक गुपित सांगतो. आमच्या खोलीत माझ्या शेजारी, गोधडीखाली, एक नवंकोरं यंत्र उभं होतं. दिवाळीत साखर कारखान्याने ते आम्हाला भेट दिलं होतं. त्यात दुसरं पंचांग आरामात पाय पसरून बसलं असतं. कानिफनाथ दुपारी दार लोटून त्यावर पत्त्यांचा डाव मांडत. रंभाजीनाना मात्र त्याच्याकडे बघतही नसत. कोणी आलं की म्हणत, "ते सरकीचं पोतं हाय."

मला त्या नव्या यंत्राची दया येई. थंडीत गोधडी बरी असते, पण त्याचा श्वास कोंडायचा.

रविवारी दुधाच्या टेम्पोतून भारतीताई उतरल्या, आणि त्यांच्या मागून साळूबाई. हातात वाळलेल्या कांद्याच्या रोपांची जुडी. ती त्यांनी माझ्या कळफलकावर ठेवली.

"ह्यो तुमचा टेलचा देव का?" त्या रंभाजीनानांना म्हणाल्या. "म्हनलं, निवद दाखवावा."

"साळूबाई, बसा. च्या टाकतो," नाना म्हणाले. "कानिफ, आदन ठिव."

"च्या नंतर. माजं अर्दं रान तहानलेलं हाय."

भारतीताई मधे पडल्या. "नाना, हा टेकू मी पुन्हा नीट करीन. या खेपेला दोन चिठ्ठ्या निघतील. पण पुढं कुणीतरी दुसरी सुधारणा करील आणि पुन्हा कुणाचं तरी अर्धं कोरडं राहील. असे टेकू आता जागोजागी झालेत. घरात भिंतीपेक्षा टेकूच जास्त."

"पर आमचं यंत्र..."

"तुमच्यासाठी मी एवढी वर्षं थांबले. हौस म्हणून कुणी मागितलं तेव्हा नाही म्हटलं. आता काम मागतंय."

रंभाजीनाना माझी धूळ पुसू लागले. साळूबाईंना उभं राहून कंटाळा आला होता. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर भारतीताई. साळूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"ती गोदडी तर हातरते," म्हणत त्यांनी ती ओढली.

गोधडी खाली आली. नवं यंत्र पांढरंशुभ्र, काचेसारखं लखलखत उभं राहिलं. वर पत्त्यांच्या डावाचा पडदा तसाच उघडा. कानिफनाथ आधण बघायला जरा जास्तच घाईने बाहेर गेले.

 माझा पंखा, खरं सांगतो, फिरायचा थांबला.

"सरकी लई चांगली निघाली की यंदा," साळूबाई म्हणाल्या.

"ते थंडीचं..." नाना पुटपुटले.

"माजं माहेर शिंगनापूरचं, रंभाजीभाऊ. तितं घराला दारं न्हाईत. आन् तुमी यंत्राला पांघरून घालता व्हय?"

भारतीताई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची नानांच्या जवळ ओढली.

"नाना, खरं काय ते सांगा."

नानांनी खिडकीबाहेरच्या बाभळींकडे हात केला.

"पोरी, टेलला कोन येतं?" ते म्हणाले. "चारी हितं सपती, रस्ता हितं सपतो. साहेब यायचा तर हेडलाच यायचा, फोटो काडायचा, जायचा. ह्या डबड्यापायी समदे हितं येत्यात. आमाला इचारत्यात, चाललं का. ते काडलं की तुमचा टेम्पोबी वरूनच माघारी जाईल."

 साळूबाईंनी जुडी माझ्यावरून उचलून पदरात घेतली.

"आणि कुणी सांगितलं, 'टेल आधी' हा नेम सोडणार म्हणून?" भारतीताई म्हणाल्या. "किमान अट वर गेली म्हणजे खाली काही राहिलंच नाही असं होतं का? उद्यापासून दुसरं पंचांग ही किमान. ते या नव्या यंत्रात बसेल. पारख इथंच. तुमच्यासारखी बारीक वीज, धूळ आणि उंदीर कुठल्या संस्थेत आहे, सांगा."

"ते मातर खरं," नानांचा चेहरा थोडा उजळला. "उंदीर आमच्यासारका न्हाई कुटं."

"आणि जुन्या यंत्रासाठी जी शेवटची पाणपाळी झाली, ती मी मोडणार नाही. त्यात चूक निघाली तर हा हंगाम सरेपर्यंत दुरुस्त करीन. कुणी मागं राहिला असेल तर त्याला तोवर आधार आहे. त्यात नवी सोय मात्र घालणार नाही."

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग गोधडीची घडी केली. घडी करायला त्यांना वेळ लागला.

"साळूबाई," ते म्हणाले, "भिजलं आमचं. दिवाळीलाच भिजलं हुतं. तुमचं दार उघडा."

"ह्ये दिवाळीत म्हनला असता तर माजा कांदा वाचला असता," साळूबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्या हसत होत्या, आणि कानिफनाथ चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी दोन कप घेतले.

त्या दुपारी भारतीताईंनी पाणपाळीतले टेकू काढायला सुरुवात केली. एक काढला, दुसरा काढला. प्रत्येक टेकू माझ्यासाठी लावलेला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण पाणपाळी इतकी सडपातळ, देखणी निघाली, की मी बघतच राहिलो. शेजारी नव्या यंत्रावर साळूबाईंची एकच चिठ्ठी छापून आली. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, मधे एकही भेग नाही. साळूबाईंना वाचता येत असे, तरी त्यांनी ती भारतीताईंकडून मोठ्याने वाचून घेतली, म्हणजे रंभाजीनानांना ऐकू जावं.

पुढच्या रविवारी त्यांचे सगळे वाफे भिजले. नव्याने लावलेला कांदा इतका जोरात आला, की एकेक कांदा न्यायला दोन बैल लागत. तुमचा विश्वास बसत नसेल तर बैलांना विचारा.

आणि टेम्पो? तो टेलला येतच राहिला. फ्लॉपीच्या दिवशी सडा पडतो, शेव-चिवडा होतो, आणि रंभाजीनाना नव्या यंत्राकडे हात करून पाहुण्यांना सांगतात, "ह्यानं मान हालवल्याबिगर चारीवर चिठ्ठी निघत न्हाई." त्यांच्या बोलण्यात दिल्लीही परत आली आहे.

मला गावच्या शाळेत आणून ठेवलं. इथे तुम्ही येता, माझ्या कळा बडवता, आपलं नाव हिरव्या अक्षरांत बघता आणि खिदळता. माझ्यात अजून पहिलंच पंचांग आहे, शेवटची जुनी पाणपाळी आहे, आणि तुम्हाला पाढे म्हणून दाखवायला तेवढं पुरतं.

तर मित्रांनो, एवढंच मागणं. तुम्ही रांगेत पुढे असाल तर नवं काही सुरू करण्याआधी शेवटच्याला विचारा. नुसतं विचारू नका, जाऊन बघा, त्याच्याकडे खरंच चालतं का. आणि तुम्हीच शेवटचे असाल तर तुमचं झालं की झालं म्हणून सांगा, कारण वरती कोणीतरी पाण्याची वाट बघत खोरं घेऊन उभं असतं. माझी धूळ पुसलीत, अंगावर पांघरूण घातलंत तर मला आवडेल. पण माझ्या मायेपोटी दुसऱ्या कोणाला झाकून ठेवू नका.